चर्चला दिलेली झाडणी

वकिलाने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. हे यंत्र घराबाहेर पहिल्यांदा कधी वापरले गेले, एवढेच त्याला हवे होते. हार्मेन व्रीलिंगने टेबलावर ठेवलेल्या नमुन्याकडे पाहिले. वीतभर रुंदीची लाकडी पेटी, तिच्या पोटात डुकराच्या केसांचा रूळ, चार चाके आणि वर बोटाएवढा दांडा. दाखवायला सोयीचे जावे म्हणून सगळे लहान करून घडवलेले. उत्तर त्याला पाठ होते. झांडवाईकच्या दफनभूमीत एका पांढऱ्या दगडावर एक तारीख कोरलेली होती; तिच्यात दोन दिवस मिळवले की झाले.

"एकोणऐंशीचा ऑक्टोबर, अकरा तारीख," तो म्हणाला. "शनिवार होता."

वकिलाची लेखणी कागदावरच थांबली. क्रॉस्बी त्याचे नाव. पन्नाशीचा, मृदू बोलणारा गृहस्थ. त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, मग हार्मेनकडे, मग पुन्हा दिनदर्शिकेकडे. जणू दोघांपैकी कुणीतरी आपले म्हणणे बदलेल अशी त्याला आशा होती.

"आज एक्याऐंशीच्या नोव्हेंबरची दहा तारीख आहे, मिस्टर व्रीलिंग. पेटंटचा कायदा दोन वर्षांची मुभा देतो. त्याहून जास्त काळ वस्तू लोकांत उघडपणे वापरली गेली, की ती सगळ्यांची होते. तुम्ही तीस दिवस उशिरा आलात."

खालच्या रस्त्यावर कुणी गाडीवान घोड्याला चुचकारत होता, तो आवाज हार्मेनने शेवटपर्यंत ऐकला. आपल्या आयुष्यातली एकुलती एक स्वतःची म्हणावी अशी गोष्ट कुठेतरी दूर, आपल्याला न विचारता, सगळ्यांची झाली आहे आणि तरीही ती इथे टेबलावर तशीच्या तशी उभी आहे, ही गोष्ट त्याच्या मनात शिरायलाच तयार नव्हती.

झांडवाईक हे मिशिगन सरोवराच्या काठचे डच लोकांचे गाव. पश्चिमेचा वारा सुटला की टेकड्यांवरची वाळू उठायची आणि जोड्यांतून, घागऱ्यांच्या काठांतून, बायबलाच्या पानांतून घरोघर येऊन बसायची. जुन्या देशात आज्या स्वयंपाकघरात मुद्दाम वाळू पसरून तिच्यावर झाडूने नक्षी काढत. "बाबा तिकडून निघताना पोतंभर वाळू बरोबर घेणार होते म्हणे," हार्मेनची थोरली बहीण फेन्ना म्हणायची, "बरं झालं आईनं अडवलं."

पण आईची छाती बिघडली तेव्हापासून त्या वाळूची थट्टा घरात कुणी केली नाही. झाडू जमिनीला लागला की धूळ उठायची आणि धूळ उठली की आई खोकायची. इतकी, की खोकला थांबल्यावरची शांतताही भीतिदायक वाटे. फेन्ना चहाची ओली पत्ती गालिच्यावर पसरून झाडायची. त्याने थोडा फरक पडायचा, थोडाच. हार्मेन खुर्च्यांच्या कारखान्यात कातारी होता. दिवसभर लेथवर खुर्च्यांचे पाय घडवायचे, संध्याकाळी भाकरी आणि सूप घ्यायचे आणि आईच्या खोलीत जमिनीवर बसून आपली पेटी जुळवायची, असे त्याचे त्या वर्षी चालले होते.

कल्पना काही अवघड नव्हती. चाके फिरली की ती रुळाच्या टोकांना घासावीत, रूळ उलटा फिरावा आणि कचरा धुळीसकट पेटीतल्या तबकडीत पडावा. अवघड होती ती जमीन. फळ्यांवर पेटी गुणी मुलीसारखी चालायची. गालिच्यावर आली की चाके लवेत रुतायची आणि रूळ अडकून बसायचा. रूळ वर उचलावा तर फळ्यांवरची वाळू तशीच राही. केस लांब ठेवले तर तेच पेटीला उचलून धरत, आणि चाके हवेत निरर्थक फिरत. त्याने सात रूळ केले. रूळ अडकला की पेटीतून घुर्र असा आवाज निघे, म्हणून फेन्नाने तिचे नाव डुकरी ठेवले.

"केस डुकराचे, आवाज डुकराचा," ती म्हणायची. "पण काही म्हण हार्मेन, तुझ्यापेक्षा जास्त बोलते ती."

आईचा पलंग बुटका होता. उशीवर मान कलती ठेवली की तिची नजर थेट पेटीच्या खालून जायची. हार्मेनला जे वाकूनही दिसत नसे ते तिला पडल्या पडल्या दिसे. एका संध्याकाळी ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग दम खात खात म्हणाली, "गालिचा आला की तू दांडा वर उचलतोस. फळी आली की दाबतोस. सगळं काम तुझा हातच करतोय रे. तो हात तिच्या पोटात घाल की."

हार्मेनने त्या रात्री काहीच केले नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परतताना मात्र त्याने पातळ पोलादी पट्टी आणली, ती धनुष्यासारखी वाकवली आणि रुळाची दोन्ही टोके तिच्यावर तोलून धरली. दांड्यावर किंचित भार दिला की रूळ खाली उतरे. भार काढला की आपोआप वर येई. चाकांची पकड तेवढी अपुरी होती. धावेवर, म्हणजे चाकाच्या घेरावर, कातडे हवे होते. आईने पलंगाखाली बोट दाखवले. तिथे तिचे रविवारचे जोडे होते.

"काप," ती म्हणाली. "चर्चला आता मी चालत थोडीच जाणार आहे."

त्याने ते कापले. पेटी त्या दिवसापासून आवाज न करता चालू लागली. आई उरलेले तीन आठवडे रोज सकाळी तिला आपल्या पलंगाभोवती फिरवायला लावायची. खोली स्वच्छ असली तरी. ती गेली तो गुरुवार होता, ऑक्टोबरची नऊ तारीख.

चर्चची झाडलोट फेन्नाकडे असे. सोमवारी आईची शवपेटी ज्या वाटेने आत यायची होती, त्या मधल्या वाटेवर बायकांच्या मंडळाने नुकताच लाल गालिचा घातला होता. शनिवारी फेन्ना झाडू घेऊन तिथवर गेली आणि परत घरी आली. "आई धुळीतून जाणार नाही," ती एवढेच म्हणाली आणि पेटी उचलून घेऊन गेली. तिला अडवावे असे हार्मेनच्या मनातही आले नाही. का यावे?

पुढच्या आठवड्यात चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने हार्मेनला बोलावून घेतले. पाच म्हातारे एका लांब टेबलाशी बसले होते. त्यांत त्याचे वडील बेरेंद व्रीलिंगही होते. ओम लॅम्बर्ट, ज्यांना सगळे गाव काका म्हणत असे, त्यांनी आभार मानले आणि पेटी कधी परत पाठवू म्हणून विचारले. हार्मेन सव्वीस वर्षांचा होता आणि चार माणसांसमोर त्याने आजवर एक अख्खे वाक्य उच्चारले नव्हते. त्याचे कान तापले. टेबलाच्या कडेवरची एक गाठ त्याने नजरेने घट्ट धरली, आणि मग आपलाच आवाज त्याला ऐकू आला, स्पष्ट आणि जरा जास्तच मोठा.

"परत नको. ती इथेच राहू द्या, कायमची. आईची म्हणून."

बाहेर पडताना त्याने पाहिले, वडिलांनी मान खाली घातली होती आणि अंगठ्याने ते टेबलावर काहीतरी पुसत होते. तिथे पुसण्यासारखे काही नव्हते.

पेटी चर्चमध्ये रमली. लांबलेल्या प्रवचनात पेपरमिंटच्या गोळ्या हातोहात फिरायच्या. एखादी डुलकी घेणाऱ्याच्या हातून निसटून बाकाखाली जायची आणि शनिवारी तबकडीत खडखडायची. "डुकरीनं आज पुन्हा ओम लॅम्बर्टची गोळी खाल्ली," फेन्ना घरी येऊन सांगायची. दरवाजा उघडा असे. येणारे-जाणारे पाहत, कुणी दांडा धरून बघत. त्यात लपवण्यासारखे काय होते!

पेटंट घ्यावे हे आधी फेन्नाला सुचले. शहरातल्या एका लाकूडकाम कारखानदाराने चर्चमध्ये पेटी पाहून सांगितलेही, की कागद हातात असेल तर ही झाडणी तुमच्या नावाने काढू. तुमच्या नावाने! हार्मेन ते दोन शब्द कितीतरी दिवस एखाद्या गुळगुळीत खड्यासारखे खिशात घेऊन फिरला. पण घरात सुतक होते. जुन्या देशाच्या रीतीप्रमाणे ते एक वर्ष आणि सहा आठवडे पाळायचे. तोवर नवे काही आरंभायचे नाही, लग्न नाही, घर नाही, धंदा नाही. गावातल्या पुष्कळ घरांनी इथे आल्यावर वरचे सहा आठवडे सोडून दिले होते. बेरेंद व्रीलिंगने सोडले नाहीत. "वर्ष सगळेच पाळतात," ते म्हणाले होते. "सहा आठवडे आपण आपल्या मनानं द्यायचे असतात." हार्मेनला ते पटले होते. आजही पटत होते.

सुतक फिटल्यावर त्याने अर्जासोबत जोडायचे पेटीचे नकाशे काढायला घेतले. कारखान्याचे दहा तास, त्यानंतर उरलेला उजेड, आणि एकही रेष तिरकी गेली तर अख्खा कागद पुन्हा, असे करत ते काम सप्टेंबरापर्यंत गेले. आणि सप्टेंबरात, शेवटच्या आठवड्यात, जे घडले ते त्याने फेन्नालाही सांगितले नव्हते. नमुना फडक्यात गुंडाळून तो आगगाडीने शहरात आला होता. वकिलाच्या याच इमारतीच्या जिन्याशी उभा राहिला होता. वरून दोघा-तिघांच्या हसण्याचा आवाज आला. ते कशावर हसत होते कोण जाणे; पण आपण वर गेल्यावर ते हसू थांबेल, सगळ्या माना वळतील आणि मग आपल्याला बोलावे लागेल, या विचाराने त्याचे पाऊल पहिल्या पायरीवरच राहिले. दांड्याला अजून एक हात रोगण हवे, असे त्याने स्वतःला समजावले आणि परतीची गाडी धरली. ते रोगण वाळायला सहा आठवडे लागले.

"एक वाट आहे," क्रॉस्बी म्हणाला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "वस्तू लोकांत होती खरी, पण ती प्रयोगासाठी होती, असं दाखवता आलं तर तो काळ धरत नाहीत. तुम्ही ती चर्चला तपासून पाहायला दिली होती. टिकते का, गालिच्यावर चालते का, हे बघायला. असंच ना?"

हार्मेनने मान खाली घातली.

"तुम्ही देताना काय म्हणालात?"

हार्मेनने सांगितले. वकिलाने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले.

"हे किती जणांनी ऐकलं?"

"पाच."

"म्हातारे असतील. दोन वर्षांत माणसाच्या लक्षात काय राहतं? त्यातल्या एकानं जरी शपथेवर लिहून दिलं, की पोरगा चाचणीसाठी म्हणून देऊन गेला होता, तर मी हा अर्ज लढवू शकतो. एक सही आणा. माणूस जाणता असावा, गावात शब्दाला मान असलेला."

परतीच्या गाडीत हार्मेनने नमुना मांडीवर घेतला होता. शेजारच्या बाईने ते खेळणे आहे का म्हणून विचारले. तो हो म्हणाला.

गावात शब्दाला मान असलेला माणूस जेवायच्या टेबलाशी त्याची वाट पाहत बसला होता. फेन्नाने कोबी-बटाट्याचे ताट हार्मेनपुढे सरकवले आणि काही विचारले नाही. त्याचा चेहरा पाहून तिला कळले असावे. प्रार्थना झाली. बायबलाचा उतारा वाचून झाला. मग वडिलांनी विचारले, वकील काय म्हणाला. हार्मेनने तुटक वाक्यांत सगळे सांगितले. तारीख, दोन वर्षे, तीस दिवस. आणि शेवटी, ताटाकडे पाहत, ती सही.

फेन्नाने हातातला चमचा खाली ठेवला. "मग द्या की, बाबा," ती म्हणाली. "चाचणी नव्हती तर काय होतं? दर शनिवारी मी घरी येऊन सांगत नव्हते का, डुकरी आज कशी चालली ते? हा चाकांना तेल घालायला जात नव्हता का?"

"तेल घालायला गेला होता, हे मी लिहून देईन," वडील म्हणाले.

"तेवढ्यानं नाही भागत."

"मला माहीत आहे."

बेरेंद व्रीलिंगने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. सुताराचे हात, डाव्या हाताचे एक बोट अर्धे. ते हातांकडे पाहतच बोलले.

"हार्मेन, बाकीचे चौघे विसरले असतील. ओम लॅम्बर्टला काल काय खाल्लं ते आठवत नाही. पण तू 'कायमची' म्हणालास. मी ऐकलं. जन्मात पहिल्यांदा तू माणसांसमोर मोठ्यानं बोललास. घरी येताना वाटभर मी तेच शब्द मनात म्हणत होतो. तुझ्या आईला सांगायला हवं होतं असं वाटत होतं." ते थांबले. "ते मी ऐकलंच नाही, असं शपथेवर कसं सांगू?"

"सांगू नका, बाबा," हार्मेन म्हणाला.

आणि त्याला तसे खरोखरच वाटत होते. हीच त्यातली सर्वांत असहाय गोष्ट होती. रागवायला समोर कुणी नव्हते. वकील चांगला होता, कायदा सगळ्यांना सारखा होता, वडील खरे बोलत होते. ज्याने त्याचे सगळे नेले ते वाक्य त्याचे स्वतःचे होते, आणि ते परत घ्यावे असे त्याला आत कुठेही वाटत नव्हते.

त्याने क्रॉस्बीला अर्ज सोडत असल्याचे चार ओळींचे पत्र लिहिले. शहरातल्या कारखानदाराचे उत्तर सभ्य होते. कागद नाही म्हणून वाईट वाटले, असे त्याने कळवले होते; आणि पुढच्या वसंतात शहरातल्या दुकानांच्या काचेमागे झाडण्या दिसू लागल्या. गडद लाकडाच्या, चकचकीत, कपाळावर सोनेरी अक्षरांत कारखानदाराचे नाव असलेल्या. यात त्याने काही चोरले नव्हते. जे सगळ्यांचे होते ते त्याने घेतले होते.

मे महिन्यात बायकांच्या मंडळाने त्यातली एक चर्चसाठी आणली. फेन्नाने ती आल्या आल्या उलटी केली, रूळ बोटाने दाबून पाहिला आणि सोडून दिला. रूळ वर आला. "पट्टी तीच आहे," तिने घरी येऊन हार्मेनला सांगितले. "तशीच वाकवलेली. फक्त कातडं आईच्या जोड्याचं नाही." नंतर तिने बराच वेळ भांडी घासली, घासलेलीच पुन्हा.

जुनी पेटी वडीलमंडळाने आभार मानून परत करायचे ठरवले. ती कुणाकडून पाठवून न देता बेरेंद व्रीलिंग स्वतः घेऊन आले. भर दुपारी, मुख्य रस्त्याने, रविवारच्या काळ्या कोटात, दांडा खांद्यावर टाकून. अंगणातल्या कामाच्या बाकावर त्यांनी ती ठेवली. हार्मेन खुर्चीचा एक पाय कानशीने घासत होता.

"मी मोजून पाहिलं," वडील म्हणाले. "तीस दिवस उशीर झाला. सुतकाचे वरचे दिवस बेचाळीस होते. ते माझे होते, हार्मेन. तुझ्या आईनं ते कधी मागितले नसते."

हार्मेनने कानस खाली ठेवली. ज्या गोष्टीची त्याला सर्वांत जास्त लाज होती ती सांगायची वेळ ही होती हे त्याला कळले, आणि ती सांगताना प्रथमच लाज वाटली नाही.

"तुमच्यामुळे नाही झालं, बाबा. सप्टेंबरातच नमुना तयार होता. मी शहरात गेलो होतो. वकिलाच्या जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वर माणसं हसत होती. तेव्हाच चढलो असतो तर वेळेत होतं. दोन आठवडे हातात होते."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. होती ती माया, आणि तीच असह्य होती.

"तुला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. "माझ्यासाठी तर अजिबात बोलू नकोस."

"खोटं नाही, बाबा. खरंच गेलो होतो. पहिली पायरी उजव्या बाजूला झिजलेली आहे. कठडा लोखंडी आहे."

"असेल," वडील म्हणाले. "नोव्हेंबरात गेलास तेव्हा पाहिला असशील."

त्या दिवशी आपल्याबरोबर कुणी नव्हते, आपण कुणाशी बोललो नव्हतो, गाडीचे तिकीटही फेकून दिले होते, हे हार्मेनच्या लक्षात आले. आपण इतके गुपचूप गेलो आणि इतके गुपचूप परतलो, की ते गेल्यासारखे राहिलेच नव्हते. पाच माणसांसमोर म्हटलेले एक वाक्य कायद्यालाही खोडता आले नाही, आणि कुणालाच न दिसलेले हे एक पाऊल आता स्वतःच्या बापालाही पटवता येत नव्हते.

वडिलांनी मान हलवली. लहान मुलाने पडल्यावर लागले नाही म्हटले की मोठी माणसे हलवतात तशी. मग त्यांनी पेटी बाकावरून उतरवली, दरवाजातून आत नेली आणि आईच्या खोलीच्या फळ्यांवर ठेवून हलकेच पुढे ढकलली. पुन्हा मागे ओढली. एक चाक कुईकुई करत होते. चर्चमध्ये सहा महिने त्याला तेल मिळाले नव्हते. नोव्हेंबरापासून हार्मेन तिकडे फिरकलाच नव्हता.

"चाक बोलतंय," वडील आतून म्हणाले. "तेल आण."

हार्मेन तेलाची बाटली आणायला गेला.